फराळात किडा निघाला, व्हिडिओ गावभर फिरला, आता बोलायचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार, मी आणि माझी जाऊ साताऱ्यात घरगुती फराळाचा व्यवसाय करतो. यंदा एका गिऱ्हाईकाला चिवड्याच्या पाकिटात किडा मिळाला, त्यांनी व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून तो गावभर गेला. जावेने रागाच्या भरात तिथेच लिहिलं की आमच्याकडे असं होणं शक्यच नाही, तुमच्या डब्यातलाच असेल. आता गुगलवर पण वाईट रिव्ह्यू येतायत. नंतर बघितलं तर दुकानातून आणलेल्या डाळ्याच्या पोत्यातच कीड होती. वकील म्हणतात नोटीस पाठवा, भाचा म्हणतो मित्रांना सांगून पन्नास फाइव्ह स्टार टाकून घेतो. काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पोतं उघडून बघितलंत ते फार बरं केलंत, बरेच जण तेवढं पण करत नाहीत आणि आधी भांडायला उभे राहतात. खरं काय झालं ते तुम्हाला आता माहितीये, तर तेच सांगायचं. नोटीस नको, खोटे रिव्ह्यू नकोत, आणि दुकानदाराच्या नावाने खडे फोडणं तर अजिबात नको.

दुकानदाराचं आधी सांगते कारण तो मोह सगळ्यात मोठा असतो. 2003 चा ऑक्टोबर आठवतोय का, दिवाळी तोंडावर आलेली आणि आपल्या अन्न व औषध प्रशासनाला मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. कंपनीचं सुरुवातीचं म्हणणं होतं की दुकानात माल नीट ठेवला जात नाही म्हणून असं होतं. असेलही, पण विकत घेणाऱ्याला त्याचं काय, वेष्टनावर नाव कॅडबरीचं, आणि प्रशासनाने पण पॅकिंगवरच बोट ठेवलं. शेवटी जानेवारी 2004 मध्ये जास्त घट्ट बंद होणारं नवीन पॅकिंग आलं आणि जाहिरातीत अमिताभ बच्चन आले. लोक अजून बच्चनचंच कौतुक करतात, मला विचाराल तर खरं काम पॅकिंगने केलं, कारण काय बदललं ते गिऱ्हाईकाला हातात घेऊन बघता येत होतं. तुमच्या पाकिटावर पण तुमचंच नाव आहे ना, मग डाळं कुठून आणलं हा तुमचा आणि दुकानदाराचा हिशोब, तो ग्रुपवर काढू नका.

आता आधी त्या गिऱ्हाईकाला फोन, शक्य असेल तर दोघी घरी जा, आणि जावेनेच सॉरी म्हणावं कारण बोलल्या त्या होत्या. पैसे परत करा पण व्हिडिओ डिलीट करा अशी अट घालू नका, ती अट पण स्क्रीनशॉट होऊन फिरते. मग ज्या ग्रुपवर व्हिडिओ पडला तिथेच लिहा, साधारण असं : "चिवड्यात किडा निघाला ते खरं आहे. आमच्या डाळ्याला कीड लागलेली होती, भाजण्याआधी आम्ही ते नीट निवडलं नाही. त्या डाळ्याचा सगळा चिवडा परत घेतोय, पैसे आजच देतोय. आमच्या घरातून तुम्हालाच दोष दिला गेला, ते चुकलं, माफ करा." खाली दोघींची नावं आणि फोन नंबर. बस. "आमची इतक्या वर्षांची सेवा" वगैरे लिहू नका, वाचणाऱ्याला त्या क्षणी ते नको असतं. आणि चिवडा परत घेतोय म्हटलं की खरंच सगळ्या ऑर्डरी काढून प्रत्येकाला फोन करा.

हे आजच करा असं सांगते कारण उशीर आणि बदलतं बोलणं दोन्ही महाग पडतं. एप्रिल 2017 मध्ये अमेरिकेत शिकागोला युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून 69 वर्षांच्या एका डॉक्टर प्रवाशाला सीटवरून ओढत बाहेर काढलं, बाकीच्या प्रवाशांनी मोबाइलवर शूट केलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या प्रमुखांनी कोरडी दिलगिरी दिली, मग कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं त्यात प्रवाशालाच भांडखोर ठरवलं, ते पत्र लगेच बाहेर आलं, आणि तिसऱ्या दिवशी शेअर पडल्यावर पूर्ण माफी मागितली. ती माफी चांगली होती, पण तोवर तो रक्ताळलेला चेहरा जगभर बघून झाला होता, त्यामुळे लोकांना ती मनापासूनची वाटलीच नाही. तुमच्याकडचं जावेचं वाक्य म्हणजे ते पत्रच समजा, ते स्पष्टपणे मागे घेतल्याशिवाय पुढचं कोणी ऐकणार नाही.

नोटिशीचं म्हणाल तर कायद्यातच अडतं. बदनामीच्या कलमाला, आता भारतीय न्याय संहितेचं 356, पहिला अपवादच असा आहे की लोकहितासाठी खरी गोष्ट सांगणं ही बदनामी नाही. किडा तर खरा होता. आणि दाबायला गेलं की जास्त उसळतं, 2003 मध्येच गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याच्या फोटोंमध्ये आपलं घर दिसतं म्हणून 5 कोटी डॉलरचा दावा लावला, तोवर तो फोटो फक्त 6 वेळा डाउनलोड झाला होता आणि त्यातले 2 तिच्याच वकिलांचे, दाव्यानंतर महिन्याभरात 4 लाखांच्या वर लोक बघायला आले. दावा हरली ते वेगळंच.

भाच्याला प्रेमाने थांबवा. एका दिवसात पन्नास फाइव्ह स्टार, सगळ्यांत "बेस्ट टेस्ट", लोक एका नजरेत ओळखतात, आणि मग तुमचे जुने खरे रिव्ह्यू पण खोटे वाटायला लागतात. त्यापेक्षा प्रत्येक वाईट रिव्ह्यूखाली वेगळं, त्या माणसाने जे लिहिलंय त्यालाच धरून उत्तर द्या.

प्रश्न : माझ्या क्लासच्या गुगल पेजवर कोणीतरी दुसऱ्याच क्लासबद्दलची तक्रार टाकलीये. मालक असून मला डिलीट करता येत नाही!
— एक शिक्षक, पुणे

उत्तर : सर, रिव्ह्यू मालकाला काढता येत नाही आणि ते योग्यच आहे, नाहीतर सगळ्यांनी नको ते काढून टाकले असते. तुमच्या बिझनेस प्रोफाइलमधून तो रिव्ह्यू रिपोर्ट करा, कारण नीट निवडा, स्क्रीनशॉट ठेवा. निकाल येईपर्यंत खाली शांतपणे लिहा की तुम्ही लिहिलेल्या नावाचे शिक्षक आणि ती बॅच आमच्याकडे नाही, बहुतेक पेज चुकलंय, खात्री करायची तर या नंबरवर फोन करा. त्या दुसऱ्या क्लासचं नाव मात्र तुम्ही घेऊ नका.