काउंटरवर राग किती गिळायचा?

प्रश्न: मी एका बँकेच्या तालुक्याच्या गावातल्या शाखेत लिपिक आहे. वय २६. बहुतेक वेळ कॅशवर असते. ‘लाडकी बहीण’चा हप्ता आला की शाखेत पाय ठेवायला जागा नसते आणि ज्यांचे पैसे आले नाहीत त्या बायका माझ्यावर ओरडतात. मागच्या हप्त्याला साहेब भर शाखेत म्हणाले, “जमत नसेल तर घरी बसा.” त्या संध्याकाळी कॅशमध्ये पाचशे रुपये कमी निघाले, ते मी खिशातून भरले. सहकारी सांगतात, कातडी जाड कर. मी तोंडातून शब्द काढत नाही, पण घरी आले की आईवर डाफरते. मी या नोकरीच्या लायक नाही का?
(एक वाचक, जि. सांगली)

उत्तर: तुला ‘तू’च म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. माझी सगळी नोकरी बँकेच्या शाखांमध्ये गेली, त्यातला मोठा काळ कॅशवरच. तू लायक आहेस. कातडी जाड करण्याचा सल्ला मात्र मनावर घेऊ नकोस, तो कामाचाच नाही.

राग दाबून चेहरा कोरा ठेवायला डोक्याला फार कष्ट पडतात. जेन रिचर्ड्स आणि जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांचे यावरचे प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाले. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका, असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांना त्या वेळी ऐकलेलं नंतर कमी आठवलं. जे समोर आहे त्याकडे वेगळ्या नजरेनं बघा, असं ज्यांना सांगितलं, त्यांचं तसं झालं नाही. तुझे पाचशे तिथंच गेले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण राग गिळत नोटा मोजणं धोक्याचं, हे मी अनेक कॅशियरच्या बाबतीत पाहिलंय.

आता ही वेगळी नजर तुझ्या काउंटरवर आणू. समोरची बाई मजुरीचा खाडा करून वडापनं आलेली असते. सरकारी पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. २०१४ पासून गावोगावी जनधनची खाती निघाली. तिचंही कुठंतरी एखादं निघालेलं असतं, आधार तिकडं जोडलेलं असतं आणि ती ते विसरूनही गेलेली असते. तिच्या हातात पासबुक तुमच्या बँकेचं. तिच्या हिशेबानं तिचे पंधराशे रुपये तुम्ही अडवून ठेवलेत! हे एकदा कळलं की तिचा आवाज तुझ्या अंगावर येत नाही. तो कोड्यात सापडलेल्या माणसाचा आवाज असतो, आणि त्या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा तुलाच ठाऊक असतं.

म्हणून “सर्व्हर डाऊन आहे”, “पुढच्या आठवड्यात या” ही वाक्यं सोड. “मावशी, पैसे कुठं गेलेत ते आधी बघू,” असं म्हण. माय-आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की आधार सध्या कोणत्या बँकेला जोडलंय ते दिसतं. पण हे काम कॅशच्या रांगेत करायचं नाही. हप्त्याच्या दिवसांत दाराजवळ वेगळं टेबल टाकून कुणाला तरी फक्त एवढंच बघायला बसवा, असं साहेबांना सुचव. निम्मी भांडणं तिथंच मिटतील असा माझा अंदाज आहे. गर्दीचं नियोजन नीट नसेल तर एकट्या लिपिकानं सोसून काही होत नाही, आणि हे मी मुद्दाम ठासून सांगते आहे.

तरीही एखादी गोष्ट लागणारच. तेव्हा पुढची स्लिप घेण्याआधी मनात नेमकं म्हण: मला राग आलाय, किंवा भीती वाटतेय, किंवा अपमान झालाय. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं, की भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या भीती-रागाशी निगडित अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते. त्यानंतर बंडल मशीनवर पुन्हा एकदा टाक. रांग कुरकुरली तर कुरकुरू दे.

घरी गेल्यावर आईला दारातच सांग, “आज डोकं तापलंय, अर्धा तास बोलू नकोस.” तिला ते डाफरण्यापेक्षा कितीतरी बरं वाटेल. झोपच उडाली, सकाळी शाखेत जायच्या विचारानं पोटात गोळा यायला लागला, तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन कर. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

राहिले साहेब. ते बोलले ते चूकच, आणि ते पोटात घालण्याची गरज नाही. संध्याकाळी टॅलीच्या धांदलीत नको, सकाळी शाखा उघडायच्या आधी केबिनमध्ये जा आणि शांतपणे सांग, “साहेब, माझं काही चुकलं तर इथं बोलावून सांगा. लोकांसमोर बोललात की माझं मोजणीतलं लक्ष उडतं, आणि मी कॅशवर असते.” यात रडगाणं नाही, शाखेच्या पैशांची काळजी आहे. समजूतदार मॅनेजरला ती कळते. पुन्हा तसंच घडलं तर युनियनच्या प्रतिनिधीला बरोबर घे, तारीख-वेळ आणि साहेबांचे शब्द जसेच्या तसे घालून लेखी दे आणि पोच घेतलेली एक प्रत स्वतःजवळ ठेव.