पिशवीत नसलेला ब्रश

परदेशी लांबच्या मुक्कामाला निघालेली किती तरी माणसं आजवर समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसली. कुणी शिकायला, कुणी नोकरीसाठी, कुणी मुलांकडे राहायला. काळजी मात्र सगळ्यांची सारखीच असते, "बॅग भरून होतच नाही. काहीतरी राहून जाईल." घरच्यांचं उत्तरही ठरलेलं, "अगं, तिथे सगळं मिळतं!" बोलणं खरं असतं, पण त्यानं कुणाची उडालेली झोप परत आल्याचं मी पाहिलं नाही. असं का होतं, ते मला एका मुलीमुळे नीट कळलं. तिच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

ती ३१ वर्षांची. तीन वर्षांच्या कामासाठी एकटी निघालेली. जायला सात आठवडे उरले होते आणि बॅगा नऊ वेळा भरून रिकाम्या झाल्या होत्या. सोबत वही होती, त्यात दोनशेच्या वर वस्तू. प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येणार होत्या आणि सामान ६० किलोच्या पुढे गेलं होतं.

"बटणांचे तीन डबे?" मी विचारलं.

"तुटलं तर?"

"तुटलं आणि जवळ बटण नसलं, तर काय करशील?"

"म्हणून तर नेतेय ना!"

उत्तर झटकन आलं, पण माझ्या प्रश्नाला बगल देऊन. मी ते मनात ठेवलं.

यादी छोटी करण्याच्या मागे मी लागले नाही. आपण यादी कापली, की माणूस घरी जाऊन ती पुन्हा लिहितो. प्रत्येक वस्तूपुढे 'का' ते एका ओळीत लिही, एवढंच सांगितलं. पुढच्या भेटीत तिला ते मोठ्यानं वाचायला लावलं. टाचण्या, तिथे कुणाकडे मागायला नकोत म्हणून. दुसरी छत्री, पहिली हरवली तर मागायला नको म्हणून. कात्री, दोरी, बॅटरी... चौथ्या पानावर ती आपणहून थांबली.

"मी सगळीकडे एकच लिहिलंय."

"हो. मागितलं की काय होतं गं?"

बराच वेळ ती वहीचे दुमडलेले कोपरे सरळ करत राहिली. मग सांगू लागली. ती नऊ वर्षांची असताना आई आजारी पडून इस्पितळात गेली. हिला दोन महिने एका नातेवाइकांकडे ठेवलं. पिशवी कुणीतरी घाईघाईत भरून दिली होती.

"त्या पिशवीत ब्रश नव्हता. मी मागितला. दुसऱ्या दिवशी पेन्सिल मागितली. तिसऱ्या दिवशी जेवताना काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'हिचं रोज नवीन काहीतरी निघतंच.' नंतर माझ्या बुटाची लेस तुटली. मी शेवटपर्यंत तशीच शाळेत गेले."

आपल्याला बोलावंसं वाटतं तेव्हाच गप्प राहणं या कामात सगळ्यात अवघड असतं. मी थांबले. मग विचारलं, "इतके दिवस तू कुणाची पिशवी भरते आहेस?"

ती खूप रडली. त्या दिवशी आम्ही आणखी काही बोललो नाही, बोलायची गरजही नव्हती. तो प्रश्न तेव्हा सुचला याचं समाधान मला आजही आहे.

मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आई आणि मुलाच्या नात्यावर जे काम केलं, त्याच्या आधारानं मी माणसांकडे पाहते. एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात घरोघरी जाऊन तान्ह्या मुलांचं निरीक्षण केलं होतं. आईचा आधार असलेलं मूल तिच्यापासून लांब रांगत जातं, मधूनच परत येतं, पुन्हा निघतं. हाक मारली तर कुणीतरी येईल, हा भरवसा असतो म्हणून त्याला लांब जाता येतं. मोठ्यांचंही तसंच आहे असं मला वाटतं. या मुलीला वस्तू मिळतील की नाही याची भीती नव्हती. हाक मारावी लागेल, याची होती. म्हणून 'तिथे सगळं मिळतं' हे तिला लागूच पडत नव्हतं.

मग मी तिला रोज कुणाकडे तरी एक छोटी गोष्ट मागायला सांगितलं. पेन, पाणी, वाट विचारणं, काहीही. पहिले तीन दिवस जमलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिनं परदेशातल्या होणाऱ्या सहकारी बाईंना पत्र लिहिलं, "पहिल्या रात्री अंथरूण-पांघरूण मिळेल का?" उत्तर दाखवायला ती मुद्दाम आली. "माझ्याकडचं देते. आणखी काय लागेल?" शेवटचं वाक्य तिनं मला दोनदा वाचून दाखवलं.

तुम्हीही निघाला असाल, तर यादी करताना 'काय न्यावं' या प्रश्नाआधी 'काय मागता येणार नाही' हे विचारा. ते थोडंच निघतं. पासपोर्ट, व्हिसा, पदव्यांची आणि जन्म-विवाहाची मूळ कागदपत्रं, चष्म्याचा नंबर आणि एक जादा चष्मा, रोजची औषधं. हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा, कारण मोठी बॅग उशिरा पोचू शकते. पासपोर्टची मुदत आधी पाहा. अनेक देशांना ती पुढे किमान सहा महिने शिल्लक असलेली लागते. औषधं मूळ वेष्टनात ठेवा आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कंपनीनं दिलेलं नाव दुसऱ्या देशात बदलतं. झोपेच्या, मनाच्या आणि तीव्र वेदनांच्या औषधांबाबत त्या देशाचे सरकारी नियम वाचल्याशिवाय निघू नका. जपानमध्ये ॲम्फेटामिन हे उत्तेजक द्रव्य असलेली औषधं डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. पॉवर बँकही मोठ्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते.

त्यानंतर पहिल्या तीन दिवसांपुरते कपडे आणि वस्तू काढा. बाकीचं बहुतेक सगळं तिथे घेता येतं किंवा मागता येतं. केस वाळवण्याचं यंत्र, इस्त्री यांसाठी तर हट्ट धरूच नका. काही देशांत वीज १०० ते १२७ व्होल्टची असते, काही देशांत २२० ते २४०. नुसता पिन बदलणारा जोड लावून हा फरक मिटत नाही.

आणि यादीच्या शेवटी तीन माणसांची नावं लिहा, तिथली किंवा इथली, ज्यांना अवेळी फोन करता येईल. माझ्या लेखी हे पान सगळ्यात महत्त्वाचं. ते कोरं राहत असेल, तर बॅग बाजूला ठेवा आणि आधी त्यावर काम करा. हात सारखे बॅग तपासायलाच जात असतील, जेवण-झोप त्यात चालली असेल, तर मात्र मनोविकारतज्ज्ञांना भेटायला उशीर करू नका.

निघायच्या आदल्या आठवड्यात ती शेवटची आली. एक बॅग २२ किलो, दुसरी १५. हातातली बॅग तिनं माझ्यासमोर उघडली. वरच्याच कप्प्यात दोन ब्रश होते, एक वापरातला आणि एक न उघडलेला.

"हा दुसरा?" मी विचारलं.

"तिथे कुणी मागितला तर."