गिटार सी-शार्पला उतरवल्यावर

प्रश्न : 'ब्लॅक सॅबथ' या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्यासारखा आवाज यावा म्हणून गिटार तीन सेमीटोन (अर्धस्वर) खाली, म्हणजे सर्वांत जाड तार ईवरून सी-शार्पला लावली. तारा ९-४२च्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) आहेत. आता जाड तारा भणभणतात आणि कॉर्ड बेसूर लागते. गिटार बिघडली का?

उत्तर : नाही. तीन सेमीटोन उतरलात की तारेवरचा ताण जवळपास २९ टक्क्यांनी घटतो. ढिली तार जास्त पसरून हलते आणि फ्रेटला (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) घासते. त्यात ओढ कमी झाल्याने नेकचा (दांड्याचा) बाक कमी होतो, म्हणजे तार आणि फ्रेटमध्ये होती ती फटही जाते. बेसूरपणाला बरेचदा बोटच जबाबदार असतं: ढिली तार पूर्वीच्याच जोराने दाबली की स्वर चढतो.

मग आयोमीला कसं जमलं? त्याला तारा ढिल्याच हव्या होत्या. १९६५मध्ये बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात मशीनमध्ये सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका या बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, त्यामुळे फ्रेटवर चालणारी बोटं नेमकी हीच. हलक्या तारांचे सेट तेव्हा सहज मिळत नसत, म्हणून तो बँजोच्या तारा लावायचा. पुढे ट्यूनिंगही उतरवलं.

तुमची बोटं शाबूत आहेत, तेव्हा तारा बदला. ९-४२चा ताण सी-शार्पलाही हवा असेल तर साधारण ११-५०चा सेट लागेल. १०-४६ची सवय असेल तर १२-५४. नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत जाड तार अडकत असेल तर खाच कारागिराकडून रुंद करून घ्या. स्वतः कानस चालवली आणि खाच खोल गेली की नट बदलावा लागतो.

मग सहावी (सर्वांत जाड) तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या फ्रेटपाशी फट बघा. ०.२ ते ०.२५ मिमी पुरे. कमी असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक ठरवणारी सळई) पाव फेराच सैल करा, पुन्हा ट्यून करा, मग मोजा. शेवटी बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) नेकपासून लांब न्या, उतरा असेल तर जवळ आणा.

आणि हो, ब्लॅक सॅबथच्या 'आयर्न मॅन' या गाण्याच्या रेकॉर्डबरोबर वाजवणार असाल तर गिटार परत नेहमीच्या ट्यूनिंगला आणा. बँडचे पहिले दोन्ही अल्बम, १९७०चे, त्याच ट्यूनिंगमध्ये आहेत. सी-शार्प येतं ते १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त, तेही काहीच गाण्यांत.

प्रश्न : आयोमी बोटांवर टोप्या घालायचा. तो आवाज टोप्यांमुळे का?

उत्तर : टोप्या नाइलाजाच्या. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने त्या घडवल्या, घासून बोटात बसवल्या आणि तारेवर घसरू नयेत म्हणून वर चामडं चिकटवलं. त्यातून तार जाणवत नाही. किती दाबतोय ते कानानेच ओळखावं लागतं. हौसेने घालू नका.

प्रश्न : जाड तारा लावल्या, भणभण गेली. पण डिस्टॉर्शन चढवलं की नुसता गोंगाट होतो.

उत्तर : बेस आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) दोन्ही कमी करा. सुरुवातीच्या काळात आयोमीच्या लेनी अ‍ॅम्पच्या आधी डल्लास रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर असायचा. तो वरच्या पट्टीला जोर देतो, खालची फारशी ढकलत नाही. म्हणून अ‍ॅम्पचा आवाज फाटला तरी जाड तार सुटी ऐकू येते. तो नसेल तर डिस्टॉर्शनच्या आधी इक्वलायझर ठेवून १०० हर्ट्झच्या आसपासचा भाग उतरवा. नंतर ठेवलात तर उपयोग नाही, गढूळपणा तोवर झालेला असतो.