दोन ओळी होतात न होतात तोच पान उलटतं

प्रश्न : माझी मुलगी दीड वर्षाची आहे. चित्रांची पुस्तकं पुष्कळ आणली, पण एकही धड वाचू देत नाही. मी दोन ओळी वाचेपर्यंत पान उलटते, कोपरे चावते. आणि रोज हवं असतं ते एकच, बदकाचं पुस्तक! तिला वाचनाची गोडी कशी लागेल? बटण दाबलं की आवाज येणारी पुस्तकं घेऊ का?
— एक आई

उत्तर : गोडी लागलेली आहे. नाहीतर ते बदक घेऊन ती रोज तुमच्याकडे आली नसती. बालवाचनालयात मी अगदी लहानांचा विभाग सांभाळते. या वयाची मुलं गोष्ट सलग ऐकत नाहीत, चित्रं बघतात. म्हणून छापलेल्या ओळी सध्या राहू द्या. तिचं बोट जिथे जाईल, तिथलं बोला. बोट बदकावर गेलं की "बदक" म्हणा आणि थांबा. ती "बद" म्हणेल, किंवा नुसतीच तुमच्या तोंडाकडे बघेल. मग म्हणा, "हो, पिवळं बदक. पोहतंय." हे थांबणंच आपल्या मोठ्यांना जड जातं, पण मुलांचं बोलणं तिथेच फुटतं.

आणि ते बोट साधं समजू नका. नऊ महिन्यांचं बाळ चित्रातली वस्तू चिमटीत उचलायला बघतं. दीड वर्षाच्या सुमारास तेच मूल चित्राकडे बोट दाखवतं. चित्र ही खरी वस्तू नाही, तिची खूण आहे, हे त्याला उमगू लागलेलं असतं. अक्षरांची ओळख पुढे याच वाटेने होते.

तेच पुस्तक पुन्हापुन्हा? खुशाल वाचा. ससेक्स विद्यापीठातल्या 2011च्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींपेक्षा तीच गोष्ट परत ऐकून जास्त लक्षात राहिले होते.

बटणांची पुस्तकं मी सुचवणार नाही. मूल बटणच दाबत बसतं आणि तुमचं दोघींचं बोलणं थांबतं. त्यापेक्षा जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पुस्तकं घ्या. पानावर एक-दोनच ठळक चित्रं, भोवती मोकळी जागा. रंगांचा नुसता भडिमार असेल तर नजर कुठेच ठरत नाही. पुस्तकं तिच्या हाताला येतील अशी, मुखपृष्ठ दिसेल अशी मांडा.

चावण्यावरून रागवू नका. फक्त पुठ्ठ्याचे थर सुटायला लागले की ते पुस्तक काढून घ्या, सुटा तुकडा घशात अडकू शकतो.