वेबिल आणि अणुभट्ट्यांची यादी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, सोबतचा कार्यक्रमपत्रिकेचा मसुदाही मिळाला. विभागानं 'जागतिक सुरक्षा' व्याख्यानमाला नव्या माणसाच्या गळ्यात घातली म्हणजे जुन्यांना काम नको होतं. मलाही ती अशीच मिळाली होती.

मसुदा दोनदा वाचला. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, कुलगुरूंचं मनोगत, मग व्याख्यान, आणि अगदी खाली 'वेळ उरल्यास प्रश्नोत्तरे'. ती ओळ आधी खोड. वेळ उरत नसतो. ओळख करून देणारे प्राध्यापक पाहुण्यांचे शोधनिबंध मोजून दाखवतात, आभार मानणारे मंडपवाल्यापर्यंत पोचतात, आणि साडेसात वाजले की शिपाई मागचे पंखे एकेक करून बंद करायला लागतो. सहाला सुरुवात कर. पावणेसातपर्यंत बोलणं, पुढची पंचेचाळीस मिनिटं प्रश्न. ही अट निमंत्रणपत्रातच लिही. मागाहून फोनवर सांगितलेलं माजी राजदूत ऐकत नाहीत, निवृत्त लेफ्टनंट जनरल तर मुळीच नाहीत.

एवढा आग्रह का, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. विषय भारत-पाकिस्तान आणि अण्वस्त्रं. त्यांनी एका फारशा न ऐकलेल्या करारापासून सुरुवात केली. ३१ डिसेंबर १९८८ ला, राजीव गांधी इस्लामाबादेत असताना, दोन्ही देशांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. तो २७ जानेवारी १९९१ ला लागू झाला. कुठल्या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही, त्याची यादी दर १ जानेवारीला दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी हातोहात दिली जाते. पहिली दिली गेली १९९२ मध्ये. मध्ये कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबई झाली, पण यादी चुकली नाही. (बालाकोटनंतरही चुकली नाही, पण ते व्याख्यान त्याच्या आधीचं.)

तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक बसले होते. ते आमच्या दर व्याख्यानाला यायचे आणि चहा न घेता जायचे. त्यांनी हात वर केला. "साहेब, मी ३१ वर्षं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरला. एका तिकिटाचा फरक नाही. तरी आडरानात गाडी थांबवून चेकर चढायचे आणि माझी पिशवी मोजायचे. ही यादी खरी आहे का, हे बघायला कोण चढतं?"

सभागृह हसलं. वक्ते हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवत ते म्हणाले, "कोणीही नाही."

आणि मग ते खरं बोलायला लागले. या करारात तपासणी नाहीच. यादी गोपनीय, तिच्यात काय लिहायचं ते देणाऱ्यानं ठरवायचं. जैविक अस्त्रांवरच्या १९७२ च्या कराराचीही हीच गत. बंदी आहे, चेकर नाही. तपासणीची व्यवस्था जोडायची बोलणी वर्षानुवर्षं चालली आणि २००१ मध्ये अमेरिकेनं अंग काढून घेतल्यावर कोसळली. रासायनिक अस्त्रांचं मात्र वेगळं. तो करार १९९७ ला लागू झाला, द हेगमध्ये त्याचं स्वतंत्र कार्यालय आहे आणि तिथले निरीक्षक कारखान्यात जाऊन टाक्या, नोंदी तपासतात. भारतानं आपला जाहीर केलेला साठा २००९ पर्यंत नष्ट केला, तोही या निरीक्षकांच्या देखरेखीखाली. मागून एका विद्यार्थिनीनं विचारलं, तपासणीच नाही तर यादी द्यायची कशाला? त्यावर वीस मिनिटं गेली. न तपासलेला कागदसुद्धा एका वर्षी दिला नाही, तर समोरचा त्याचा काय अर्थ काढेल, याची ती चर्चा. मला विचारशील तर निःशस्त्रीकरणाचा निम्मा अभ्यासक्रम त्या संध्याकाळी शिकवून झाला, आणि तो वेबिलावरून निघाला. लिहून आणलेल्या भाषणात यातलं काहीही नव्हतं.

आता तुझ्या शीर्षकाबद्दल. 'बदलती भू-राजकीय समीकरणे : आव्हाने आणि संधी'. अगं, 'आव्हाने आणि संधी' लिहिलेल्या फ्लेक्सखाली लोक स्कूटर लावतात, वर बघत नाहीत. पण उलट टोकालाही जाऊ नकोस. मी गेलो होतो. गर्दी व्हावी म्हणून एका वर्षी 'तिसरं महायुद्ध उंबरठ्यावर?' असा फलक लावला. सभागृह भरलं, पायऱ्यांवर माणसं बसली. वक्ता क्षेपणास्त्रांच्या पूर्वसूचना यंत्रणा कशा चुकतात ते सांगायला आला होता. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये सोव्हिएत उपग्रहांनी अमेरिकेची क्षेपणास्त्रं निघाल्याचा इशारा दिला, आणि स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाच्या अधिकाऱ्यानं तो खोटा मानला, ती गोष्ट. पण लोक आले होते युद्ध बघायला. दहाव्या मिनिटाला घोषणा सुरू झाल्या. पेत्रोव्ह सांगायचा राहिला तो राहिलाच. वक्त्याला मागच्या दारानं गाडीत बसवलं. चूक सर्वस्वी माझी होती. मी भीती विकली होती, आणि लोकांनी पैसे वसूल केले.

नाशिककडची पोरं तुझ्या वर्गात आहेत म्हणतेस. मग तांबड्या समुद्रापासून सुरुवात कर. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तिथं जहाजांवर हल्ले सुरू केले. युरोपला जाणारी जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालायला लागली, आणि पुढच्या हंगामात द्राक्षाचे कंटेनर वाटेत जास्त दिवस राहिले, भाडंही चढलं. एखाद्या निर्यातदाराला व्यासपीठावर बसव. त्याला 'शेतकरी प्रतिनिधी' म्हणून शाल देऊन गप्प बसवू नकोस, आधी त्यालाच बोलू दे. नौदलातले पाहुणे नंतर बोलतील, आणि त्यांना कुणाशी बोलायचंय तेही कळलेलं असेल. पालघरच्या खलाशांचंही तेच. गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात. २००८ च्या करारानुसार कैद्यांची आणि मच्छीमारांचीही यादी वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला दिली जाते. त्यातली १ जानेवारीची अणुकेंद्रांच्या यादीच्याच दिवशी. त्या यादीत आपल्या माणसाचं नाव असेल का, याकडे डोळे लावून बसलेली घरं आपल्याच राज्यात आहेत.

परवानग्यांचं थोडक्यात. परदेशी वक्ता ऑनलाइन असला तरी कुलसचिवांकडे टिपणी आधीच टाक. २०२१ च्या जानेवारीत देशाची सुरक्षा आणि सीमा यांवरच्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदांना केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागेल असा आदेश निघाला होता. शास्त्रज्ञांच्या अकादमींनी विरोध केला, पुढच्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. पण कार्यालयांना मागे घेतलेले आदेशसुद्धा बरीच वर्षं आठवत राहतात. मानधनाची आगाऊ रक्कम उचललीस तर हिशेब आठवड्यात दे, नाहीतर लेखाशाखा तुझं जगणं अवघड करेल. आणि दोन फिरते माईक घे. एक कायम बंद असतो.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागवायचा तुझा विचार मला पटलेला नाही. गोंधळ टळतो, कबूल. पण चिठ्ठ्या निवडणारा अवघड चिठ्ठी खिशात घालतो, हे मी व्यासपीठावर बसून पाहिलंय. शिवाय त्या वाहकांनी चिठ्ठी लिहिली असती असं मला वाटत नाही.

ते हल्ली मुलाकडे राहतात, तुझ्या विद्यापीठापासून दोन थांब्यांवर. परवा फोन केला तर म्हणाले, पत्रिका पाठवा, येतो. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून त्यांना उजवा कान व्यासपीठाकडे होईल अशी कडेची खुर्ची हवी. त्यांच्या शेजारची मला ठेव.

तुझा,
सर