बाबा रोज पाऊण तास उशिरा का चिडतात?

प्रश्न : ताई, माझे बाबा 68 वर्षांचे. उभा जन्म दर्यावर गेला, शेवटची वीसेक वर्षं तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, होते. सात महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय आता थोडाफार हलतो, पण बोलणं गेलं. तोंडातून एकच येतं, "बरं बरं". पाणी हवं तरी "बरं बरं", नको तरी "बरं बरं". मी पुण्याची नोकरी घरून करते, म्हणून हर्णैला येऊन राहिले आहे. त्यांनी बोलावं म्हणून दिवसभर त्यांच्याशी बोलत असते. टीव्ही लावून ठेवते, भावाला व्हिडिओ कॉल लावून देते, चित्रांची पुस्तकं दाखवते. ते तोंड फिरवतात. संध्याकाळी तर कहर होतो. शनिवारी पावणेचारला खुर्चीतून उठायची धडपड, दाराकडे हात, नुसता आरडाओरडा. रविवारी तेच साडेचारला. सोमवारी सव्वापाचला चहाचा कप भिरकावला. मी वहीत वेळा लिहून ठेवल्या, पण औषधांशी काही मेळ लागत नाही. आई म्हणते, गप बसू दे त्यांना. बाबांचं डोकंही गेलंय का? मी त्यांच्याशी बोलू तरी कशी?
– एक मुलगी, हर्णै

उत्तर : बाळ, तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्या तीन वेळा. तू तारखाही दिल्या होत्यास, म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. पंचमी, षष्ठी, सप्तमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मी निवृत्तीनंतर गुहागरला राहायला आल्यावर शेजारच्या काकांकडून शिकले. पाचाची पाऊणपट पावणेचार. सहाची साडेचार. साताची सव्वापाच. किनाऱ्यागणिक थोडं मागंपुढं होतं, पण तुझ्या वहीतल्या वेळा पाहून माझ्या अंगावर काटा आला.

तुझे बाबा भरतीची वेळ धरून बसलेत, असं मला वाटतं. आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी गाळ किती, हे तुम्हा हर्णैकरांना मी काय सांगू? होडी आत घ्यायची तर भरतीच साधावी लागते. त्यात सप्तमी-अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस, पाणी धड चढत नाही. तांडेलाचा जीव तेव्हा टांगणीला लागतो. कप सोमवारीच का भिरकावला गेला, ते यातून उमगतं. डोकं गेलेल्या माणसाला हा हिशेब राहत नाही गं.

त्यांना झालंय त्याला डॉक्टर अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डाव्या बाजूला चालतं आणि शरीराची उजवी बाजूही तीच चालवते, म्हणून उजवा हात आणि बोलणं असं दोन्ही एकदम जातं. माणूस, त्याच्या आठवणी, त्याची अक्कल बहुधा जागेवर असते. वाट अडते ती शब्दापर्यंत पोचायची. 1861 साली पॅरिसजवळच्या इस्पितळात ब्रोका नावाच्या शल्यचिकित्सकानं असाच एक रुग्ण तपासला होता. 21 वर्षं तो तिथं होता आणि कशालाही "तां तां" एवढंच म्हणायचा. पण हातवारे करून, आवाज चढवून-उतरवून तो बरंच काही सांगायचा. तुझ्या बाबांचं "बरं बरं" तसं ऐक. शब्द सोडून दे, सूर ऐक, हात कुठं जातो ते बघ.

आता तुझ्या बोलण्याविषयी. तू जे करते आहेस ते मायेनं करते आहेस, पण ते फार आहे. टीव्ही चालू, तू बोलतेयस, मोबाइलवर भाऊ बोलतोय. ज्याला एकेक शब्द पकडायला कष्ट पडतात त्याला हा सगळा कोलाहल वाटतो. आधी टीव्ही बंद कर. त्यांच्या समोर, जरा त्यांच्या डाव्या हाताला बस, कारण अशा आजारात कधीकधी उजवीकडचं नीट दिसत नाही. मोठ्यानं बोलू नकोस, त्यांचे कान गेलेले नाहीत. एका वेळी एकच गोष्ट विचार, तीही वस्तू हातात घेऊन: एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ताकाचा पेला. मग मनातल्या मनात दहा मोज. दहा अंक किती लांब असतात ते तुला पहिल्या दिवशी कळेल. सातव्या अंकाला जीभ वळवळेल, आपणच उत्तर द्यावंसं वाटेल. देऊ नकोस.

हे मी चुकून शिकले. मुंबईच्या एका इस्पितळात वाचा-उपचाराच्या नोकरीला नवीन होते. एक शिंपी यायचे, पन्नाशीचे, वाचा गेलेली. एकदा ते स्वतःच्या बाहीवर अंगठा आणि बोट सारखं चोळायला लागले. मी भराभर विचारत सुटले: खाज येते? दुखतं? गरम होतंय? मलम लावू? प्रत्येक प्रश्नाला त्यांचा चेहरा आणखी मिटत गेला. शेजारी त्यांची बायको बसली होती, ती म्हणाली, "बाई, जरा थांबा." मी थांबले. त्यांनी सावकाश हात पुढं केला, माझ्या ब्लाउजच्या बाहीची कड चिमटीत धरली आणि उसवलेला टाका दाखवला. लोंबणारा धागा बोटाला गुंडाळून अलगद तोडला. मग माझ्याकडं बघून मान हलवली, शिंपी गिऱ्हाइकाला कपडा देताना हलवतात तशी. त्या मिनिटभरात मी त्यांच्याशी महिनाभरात बोलले नव्हते तेवढं बोलले.

आईचं "गप बसू दे" हे अर्धं बरोबर आहे. गप बसू दे, पण एकट्याला नको. त्यांच्याजवळ काहीतरी हातकाम घेऊन बस. झावळीचे हीर काढ, त्यांच्या डाव्या हातात मूठभर दे. ते निवडतील, कच्चा हीर बाजूला टाकतील, तुझं चुकलं तर हात धरतील. हे बोलणंच आहे.

आरतीला त्यांना सोबत घेऊन बघ. बोलता न येणाऱ्या पुष्कळांना सूर लागला की शब्द येतात, कारण गाण्याच्या कामात मेंदूची उजवी बाजूही असते. आले तर आनंद कर, मात्र "आरती म्हणता येते, मग पाणी का मागता येत नाही" असं चुकूनही म्हणू नकोस. पाठ असलेलं म्हणणं वेगळं, मनातलं बोलणं वेगळं.

दोन गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घाल. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि त्याच्यावर औषध आहे. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही सांग. वाचा-उपचार अजून सुरू केले नसशील तर कर. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, 1983 पासूनची, तिथं विचार. सात महिने झाले म्हणजे वेळ निघून गेली, असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्यानं होते हे खरं, पण ती पुढंही वर्षानुवर्षं होत राहू शकते.

आणि उद्या सकाळी तिथी बघ. पाऊणपट कर. त्या वेळेच्या अर्धा तास आधी बाबांची खुर्ची पाणी दिसेल अशी मांड आणि तुझा मोबाइल घरात ठेव. काही विचारू नकोस, समजावू नकोस. ते हात करतील तिकडं बघ. होड्या किती आत आल्या, ते मला जरूर कळव.