आत्या बावन्नाव्या वर्षी गेली, मग माझं काय?

*ताई, मी सोलापूरची, वय ३६. घरी विड्या वळते. सहा महिन्यांपासून सकाळी बोटं इतकी आखडतात की तांब्या धरवत नाही. डॉक्टरांनी आमवात सांगितला आणि मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. आत्याला हेच दुखणं होतं. ती कुठल्याशा पुड्या घ्यायची, तोंड सुजून गोल झालं होतं. १९९६ साली बावन्नाव्या वर्षी गेली. सासूबाई म्हणतात, हे कॅन्सरचं औषध आहे, हात लावू नकोस. गोळ्या तशाच पडून आहेत. मुलगी सातवीत आहे. तिचं लग्न तरी बघेन का मी?*

मैत्रिणी, शेवटचा प्रश्न तू डॉक्टरांना विचारला नसशील, म्हणून आधी त्याचंच बोलते. तुझी भीती खोटी नाही. आत्याच्या काळात आमवाताच्या रुग्णांचं आयुष्य इतरांपेक्षा काही वर्षांनी कमी भरायचं. सांधे दुखून कुणी जात नाही. पण ही सूज वर्षानुवर्षं अंगात धुमसत राहिली की रक्तवाहिन्या आणि फुप्फुसांपर्यंत पोचते. हृदयविकार, फुप्फुसांचे आजार आणि जंतुसंसर्ग, माणसं जायची ती यांनी.

हे चित्र बदललंय. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सुमारे २५ हजार रुग्णांचा अभ्यास झाला. १९९६ ते २००० या काळात आजार सुरू झालेल्यांमध्ये पहिल्या पाच वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण इतर लोकांपेक्षा जास्त होतं. २००१ ते २००६ मधल्या रुग्णांत तो फरक जवळपास दिसेनासा झाला. पुढच्या वर्षांतला धोका पुरता संपलाय असं मी म्हणणार नाही, हृदय आणि फुप्फुसं जपावीच लागतात. पण आत्याचं वय तुझ्या कपाळी लिहिलेलं नाही, हे मी अगदी खात्रीने सांगते.

हा बदल आपोआप झाला नाही. सांधे वाकडे होईपर्यंत थांबायचं आणि नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढायचे, ही पद्धत मागे पडली. आता निदान होताच सूज मुळातून आवरणारं औषध सुरू करतात, आणि त्यात पहिलं नाव बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेटचंच असतं. अमेरिकेत १९८८ साली या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच एका अभ्यासात ते घेणाऱ्या रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला.

सासूबाई चुकीचं ऐकून आलेल्या नाहीत. हे औषध कॅन्सरमध्येही देतात, पण तिथला डोस कितीतरी मोठा असतो. तुझी गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तो वार कॅलेंडरवर ठळक लिही आणि मुलीलाही सांगून ठेव. सोबत फॉलिक ॲसिड देतात, ते डॉक्टर सांगतील तसं घे. रक्ताच्या तपासण्या चुकवू नकोस, यकृताचं आणि रक्तपेशींचं काही बिघडत असेल तर ते तिथेच आधी कळतं. आणखी मूल हवं असेल तर गोळी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांग. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

आत्याच्या पुड्यांत काय होतं ते आज कळणार नाही. पण तोंड गोल सुजलं होतं म्हणतेस, त्यावरून मला स्टेरॉइडचीच शंका येते. असली पुडी दोन दिवसांत आराम देते, म्हणून तर बायाबापड्या फसतात. ती बेहिशेबी घेत राहिलं की हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, जंतुसंसर्ग पटकन गाठतो. कुणी कितीही प्रेमाने आणून दिली तरी घेऊ नकोस.

मिश्री लावत असशील तर ती सोड. घरात कुणी विडी ओढत असेल तर त्यांनाही थांबव. बीपी आणि साखर वर्षातून एकदा तरी तपास, या दुखण्यात हृदयाला डोळ्यात तेल घालून जपायचं असतं. हाताला सूज असेल त्या दिवशी हजार विड्यांची हजारी पुरी करायचा हट्ट नको, घरच्यांना तसं स्पष्ट सांग.

तू किती वर्षं जगशील हे कुणीच सांगू शकत नाही. पण लेकीचं लग्न बघायची आशा तू नक्की धर. आणि लग्नच का गं? तिची दहावी, तिची पहिली नोकरीही बघायचीय तुला.

या आठवड्यातच पडून राहिलेल्या गोळ्या बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. खासगी तपासणी झेपत नसेल तर सिव्हिलला जा. सासूबाईंनाही सोबत ने, त्यांच्या शंका त्यांनाच विचारू देत. आणि गोळी कुठल्या वारी घ्यायची, ते तिथेच कागदावर लिहून घे.